दगड क्रमांक सात

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

पानावर छापलेली तारीख २० ऑगस्ट २०२४ आहे. ती मी खोडली. डायरी विजयश्रीची, माझ्या मोठ्या बहिणीची. १९ ऑगस्टपर्यंत तिने रोज लिहिलं, २० ला ती गेली, आणि पुढची पानं कोरी राहिली. कागद चांगला आहे. वाया घालवायची मला सवय नाही. मागची पानं मी वाचलेली नाहीत. दुसऱ्याची डायरी वाचू नये एवढं कॉन्व्हेंटने शिकवलं आहे, मग ती बहीण का असेना.

लिहायला बसले ती रागाने. आज पूर्वी आली होती. माझी भाची. राहते हिंजवडीत, म्हणजे आमच्या पिंपळे सौदागरहून हाकेच्या अंतरावर, आणि येते वर्षातून तीनदा. हातात पाकीट. आत कार्ड : ‘वन-उपचार, दहा रविवार’. मी विचारलं, “वनाला काय झालंय?”

म्हणाली, “आत्या, उपचार तुझ्यावर आहेत.”

सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या देखभालीवर बोलताना मला घेरी आली, हे तिला कोणीतरी कळवलं. घेरी आली कारण मी सव्वा तास उभी होते आणि समितीतल्या एकालाही खुर्ची पुढे करायचं सुचलं नाही. डॉक्टरांनी रक्तदाब एकशे सत्तर सांगितला आणि वर विचारलं, “घरी कोण असतं?” हा प्रश्न रक्तदाबाच्या कुठल्या पुस्तकात आहे?

चौतीस वर्षं मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला काढली. माझ्या सहीशिवाय एक ब्रॅकेट गेटबाहेर गेला नाही. आता या वयात मी झाडांना मिठ्या मारायच्या. जाणार आहे. पाहणी करणार आणि पूर्वीला लेखी अहवाल देणार.

५ जानेवारी, रविवार

चाकणच्या पुढे करंजवाडी म्हणून गाव आहे, त्याच्या डोंगराला वाघजाईची राई आहे. देवीच्या नावाने राखलेलं जंगल. आतली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही म्हणे. राईच्या खाली, जिथवर नजर जाते तिथवर, कंपन्यांचे पत्रे.

आम्ही सात जण, ट्रॅव्हलरने. मार्गदर्शक निवेदिता, वय तीस-बत्तीस, आधी एका आयटी कंपनीत माणसं नेमायची, आता झाडांकडे नेते. मुलगी वाईट नाही, पण तोंडात सगळं इंग्रजी. प्रत्येकाने आपला सिट स्पॉट शोधा, मग शेअरिंग सर्कल. मी म्हटलं, “आमच्या शाळेत मराठी बोललं की सिस्टर बर्नाडेट बाकावर उभं करायच्या. तुम्ही मराठी माणसांना मराठी डोंगरावर आणून तेच करताय. सिट स्पॉट कशाला? सरळ ‘जागा’ म्हणा.”

“चालेल की, काकू.”

“काकू नको. कारखानीस मॅडम. फार तर सुमेधाताई.”

मग सगळे जागा म्हणायला लागले. माझी जागा, तुझी जागा. एवढी एक सुधारणा पहिल्याच दिवशी झाली.

डोळे मिटून आवाज ऐकायचे होते. नंतर वर्तुळात बसून एक गोटा हातात घ्यायचा आणि काय ऐकलं ते सांगायचं. गोटा ज्याच्या हातात तोच बोलणार, बाकीचे गप्प. कोणी बुलबुल ऐकला, कोणी वारा. मी सांगितलं, “खाली पत्रा ठोकणारा चारशे टनी प्रेस चालू आहे. डाय, म्हणजे त्यातला साचा, बदलायला झाली आहे, ठोका बसल्यावर कुरकुरते.” शार्दूल नावाचा एक मुलगा आहे, कामाच्या ताणाने दोन महिने रजेवर असलेला, तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी विनोद केला नव्हता.

शेवटी गवती चहा. निवेदिताने पहिला कप जंगलासाठी म्हणून मातीत ओतला. मीही चारला चहा करते तेव्हा दोन कप होतात आणि एक सिंकमध्ये जातो. त्याला कोणी उपचार म्हणत नाही.

८ जानेवारी, बुधवार

काही नाही.

९ जानेवारी, गुरुवार

कुरिअरवाल्याने समोरच्यांचं खोकं माझ्याकडे ठेवलं. संध्याकाळी त्यांची मुलगी येऊन घेऊन गेली. “थँक्यू, आंटी.” आंटी.

१२ जानेवारी, रविवार

मला जागा मिळाली. ओढ्याच्या कडेला उंबर आहे, त्याच्याखाली बसायला बेताचा दगड. वरून गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखा. असा सपाटपणा निसर्गात सहसा सापडत नाही, म्हणून नोंद करते.

वीस मिनिटं नुसतं बसायचं होतं. चौथ्या मिनिटाला घड्याळ पाहिलं. त्यानंतर एकदम निवेदिताची शिट्टी. मधली सोळा मिनिटं कुठे गेली ते सांगता येणार नाही. उंबरं टपटप पडत होती, एवढं आठवतं.

एक गावातली बाई आली होती. साठीची, नऊवारी, हातात काही नाही. मला पाहून थबकली, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि पलीकडच्या मुळावर जाऊन बसली. काम ना धाम.

परतताना पाहिलं तर गटातल्या एका बाईने माझ्या दगडावर बूड टेकून बूट घालायला घेतले होते. मी सांगितलं, ही जागा माझी. “नाव लिहिलंय का?” म्हणाली. हसत म्हणाली, पण मुद्दा बरोबर होता. ज्या मालावर टॅग नाही तो कोणाचाच नाही, हे मी खात्यातल्या मुलांना चौतीस वर्षं शिकवलं.

१९ जानेवारी, रविवार

बाल्कनीच्या ग्रिलचा पांढरा ऑइलपेंट उरला होता. छोटा ब्रश आणि डबी घेऊन गेले. दगडाच्या पुढच्या बाजूला नीट अक्षरात ‘सु. का. ७’. सात, कारण निवेदिताच्या यादीत माझा नंबर सातवा. रंग वाळेपर्यंत पावलं मोजली. आजचा धडा सावकाश चालण्याचा होता. मोजल्याशिवाय सावकाश चालता येत नाही असं माझं मत आहे. उंबरापासून ओढ्यापर्यंत चौतीस, उंबरापासून देवीच्या ठाण्यापर्यंत एकशे बारा. अहवालासाठी नेलेल्या छोट्या वहीत लिहिलं.

ती बाई आज बोलली. उभ्याउभ्याच.

“बाई, जागा बघाया आलाय व्हय?”

“बघून झाली. हीच माझी जागा.”

“ठरली?”

“ठरली.”

“कुनी दावली तुमाला?”

“निवेदिता मॅडमनी. त्या पलीकडे आहेत, हॅटवाल्या.”

“आन ही बाकीची मान्सं?”

“त्यांच्या त्यांच्या जागा आहेत. आम्ही सात जण आहोत.”

ती ‘सात’ म्हणाली आणि राईकडे पाहत राहिली. गावच्या माणसांची ही एक गोष्ट मला आवडते, मनातलं सरळ विचारतात. आमच्या सोसायटीत पाच महिन्यांत मला कोणी इतके प्रश्न विचारलेले नाहीत. मीही तिची विचारपूस केली. नाव विचारलं. “गवराबाई.” मी म्हटलं, पूर्ण सांगा. जरा वेळ लावला, मग सांगितलं : गवराबाई किसन पडवळ. वहीत लिहून घेतलं, म्हणजे पुढच्या वेळी विसरायला नको. स्पेलिंग विचारण्यासारखं नव्हतं.

तिला माझ्याशी बोलायला आवडलं असावं. शिट्टी होईपर्यंत तिने माझ्यावरची नजर काढली नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

रविवारी वर्तुळात बोलायचं वाक्य आजच तयार केलं. शार्दूलला हसू येईल असं आहे. दोन वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं.

विजयश्रीच्या खोलीच्या खिडकीत कबुतरांनी काड्या आणल्या आहेत असं खालून दिसलं. आत जाऊन काढायला हव्यात. या आठवड्यात वेळ नाही.

२६ जानेवारी, रविवार

वाक्य चाललं. शार्दूल हसला. निवेदितासुद्धा.

गवराबाई समोरच्या मुळावर येऊन बसली. पूर्ण वीस मिनिटं. निवेदिता सांगते की एका ठिकाणी पुन्हापुन्हा बसलं की पाखरं आपल्याला ओळखायला लागतात. पाखरांचं माहीत नाही. मी थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. तिने मान हलवली. “नको,” म्हणाली. उपास असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

आज कप मोजून दोन नेले होते, काचेचे, रुमालात गुंडाळून.

माझ्या दगडाला शेंदूर फासला आहे. वरपासून खालपर्यंत, तेलात कालवून, ओघळ जमिनीपर्यंत. झेंडूची माळ आणि पुढे फोडलेला नारळ. माझं नाव आणि आकडा त्याखाली पूर्ण गेला. जांभ्यासारखा लालभडक गोळा, बसायची सोय नाही. वीस मिनिटं जमिनीवर बसले आणि कमरेची वाट लागली.

गवराबाई समोर होती. आज तिचा चेहरा निवांत होता. मी विचारलं, “हे कोणी केलं?”

“द्येव हाय त्यो.”

“गेल्या रविवारी नव्हता.”

“परगट झाला.”

या देशात माणसाला बसायला एक दगड मिळाला की आठ दिवसांत त्याचा देव होतो. कप तसेच परत आणले.

९ फेब्रुवारी, रविवार

टर्पेंटाइनची बाटली, जुना गाऊन फाडून केलेली फडकी, हातमोजे. शेंदूर तेलातला असला तरी टर्पेंटाइनपुढे टिकत नाही. दहा मिनिटं लागली. माळ आणि करवंट्या मी आदराने बाजूला, मुळाशी ठेवल्या. खालून ‘सु. का. ७’ जसंच्या तसं निघालं. चांगल्या कंपनीचा पेंट आहे.

गवराबाई मधेच आली. पदर तोंडाशी धरून पाहत राहिली आणि माझं पुसून व्हायच्या आत निघून गेली. मी हाक मारली. आज चहात तिच्यासाठी वेलची घातली होती.

वर्तुळात गोटा हातात आला, तो तसाच पुढे दिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

गावाच्या कमानीशी ट्रॅव्हलर अडवली. दोन मोटारसायकली आडव्या आणि पंधरा-वीस माणसं. पुढे उद्धवराव, देवीच्या ठाण्याची व्यवस्था पाहणारे. पांढरा सदरा, आवाज चढवलेला नाही.

“राई कुणी विकली ते सांगा, मग पुढं जावा.”

निवेदिताने ग्रामपंचायतीचं पत्र दाखवलं. त्यात ‘निसर्ग फेरी’ लिहिलं आहे. उद्धवराव म्हणाले, “फेरी मारा की. फेरी मारायला दगडं रंगवायला लागत्यात का?” आणि मोबाईल पुढे केला. फोटोत माझा दगड. सु. का. ७.

मी खाली उतरले.

“ह्याच त्या बाई,” मागून एक जण म्हणाला. “ह्यांनीच देव पुसला.”

“मी रंग पुसला,” मी म्हटलं.

“आमच्यात त्यालाच देव म्हणत्यात, मॅडम,” उद्धवराव म्हणाले. “बाकीच्या सहा जागा कुटं हायत? आन तुमची कुणाकडनं घेतली?”

“जागा घ्यायची काय आहे त्यात? मी स्वतः शोधली.”

हे ऐकून ती सगळी माणसं एकदम बोलायला लागली. मीही बोलले. अडाणीपणा हा शब्द मी वापरला. दोनदा. निवेदिताने मला दंडाला धरून गाडीत बसवलं. गवराबाई कमानीच्या खांबाशी उभी होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

परत येताना निवेदिता खिडकीकडे तोंड करून रडत होती. दुपारी गटावर तिचा निरोप आला : ‘सर्व रविवार रद्द.’

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तहसीलदारांना अर्ज लिहायला घेतला. तीन पानं झाली. वाट अडवली, बेकायदा जमाव, वगैरे. तारखा वहीतून उतरवून घ्यायच्या राहिल्या आहेत. उद्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तारखांसाठी वही उघडली.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. पान समोर आलं की ते कोण म्हणतंय हे विसरायचं आणि काय म्हणतंय एवढंच वाचायचं, ही आमच्या खात्यातली शिस्त. १९ जानेवारीचं पान असं आहे :

‘उंबर ते ओढा ३४. उंबर ते देवी ११२. दगड ७, पांढरा रंग, खूण केली. गवराबाई किसन पडवळ.’

शहरातली बाई येते, पावलं टाकून अंतर मोजते, दगडाला पांढरा रंग मारून आकडा घालते आणि गावातल्या माणसाचं पूर्ण नाव लिहून घेते. ‘जागा बघायला आलात का?’ ‘बघून झाली.’ ‘ठरली?’ ‘ठरली.’ चाकणला चौतीस वर्षं ये-जा केली मी. आमची कंपनी उभी राहिली तो माळसुद्धा कोणाचा तरी होता, आणि तोही असाच मोजला गेला असेल : आधी पावलं, मग पांढरे दगड, मग नावं. तिथे जागा म्हणजे दुसरं काय असणार?

निवेदिता बिचारी सिट स्पॉट म्हणत होती. तेच बरं होतं. गावात कोणाला कळलं नसतं.

शेंदूर त्यासाठी होता. देवाच्या अंगावरून कोणी कुंपण घालत नाही. आणि मी तो टर्पेंटाइनने पुसला.

अर्ज फाडला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निवेदिताला फोन केला. “जागा हा शब्द माझा होता,” मी म्हटलं. ती म्हणाली, “नाही मॅडम, मीच गावात नीट बसून सांगायला हवं होतं.” मुलीला चांगलं वळण आहे. मला दोष दिला असता तर फोन ठेवणं सोपं गेलं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सहाला जाग आली. कपडे घातले. थर्मास भरला. मग आठवलं.

दहा वाजता शार्दूलचा फोन. “मॅडम, आता रविवारी काय करता?” मी म्हटलं, खूप कामं साठली आहेत. “बरं बरं,” म्हणाला आणि ठेवला. तोही रिकामाच असणार, हे फोन ठेवल्यावर सुचलं. पुन्हा लावला नाही.

वीस मिनिटं हॉलमधल्या खुर्चीत बसून पाहिलं. चौथ्या मिनिटाला घड्याळ पाहिलं. पाचव्या, सहाव्या आणि सातव्यालाही. फ्रिज सुरू होतो, बंद होतो. कंप्रेसरचं रबर गेलं आहे.

थर्मासमधला चहा चारपर्यंत गरम राहिला.

२ मार्च, रविवार

सविस्तर लिहायला हवं.

भोसरीहून चाकणची बस, तिथून शेअर रिक्षा. माझ्या मांडीवर कोणाची तरी मेथीची जुडी. करंजवाडीत उतरले आणि उद्धवरावांचं घर विचारलं. ते मारुतीच्या देवळाच्या पारावर पेपर वाचत होते. मी म्हटलं, मला सांगायचं आहे ते चार माणसांसमोर सांगायचं आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एका पोराला पिटाळलं. चार म्हटलं होतं, तीस जमली. बायका मागे, भिंतीला टेकून. त्यांत गवराबाई.

सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, चूक कबूल करायची तर उभं राहून आणि पूर्ण वाक्यात. मी उभी राहिले.

“माझं नाव सुमेधा कारखानीस. पिंपळे सौदागरला राहते. मी राईतली जागा घेतलेली नाही. कोणीही घेतलेली नाही. जागा हा शब्द मी चुकीचा वापरला. दगड मी रंगवला. तो देव आहे हे मला सांगितलं होतं, तरी मी पुसला. निवेदिता मॅडमचा यात काही दोष नाही. अडाणी मी तुम्हाला म्हटलं, ते मागे घेते.”

उद्धवराव म्हणाले, “मग यायचा कशाला दर रैवारी?”

“बसायला.”

“नुसतं बसायला?”

“नुसतं.”

“पिंपळे सौदागरवरनं?” एक तरुण म्हणाला. “तिकडं बसायला जागा न्हाई व्हय?”

माणसं हसली. मला वाक्य तयार करून जायची सवय आहे, पण याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. म्हटलं, “चार खुर्च्या आहेत घरी. बसवत नाही.”

हसणं थांबलं. मला ते थांबलेलं आवडलं नाही. मग भिंतीकडून गवराबाईचा आवाज आला, “त्यात हसायाचं काय रं ज्ञानेश? माझ्या घरात तरी कुटं बसवतंय?”

तो विचारणारा तरुण तिचाच मुलगा होता. त्याची मान खाली गेली.

ठरलं असं : निवेदिताने पुढच्या महिन्यात यावं, पारावर बसून गावाला सगळं समजावून सांगावं, मग पाहू. आणि शेंदूर ज्या हाताने पुसला त्या हाताने लावायचा. आज, आत्ता.

गवराबाई मला घेऊन गेली. वाटेत ती पुढे, मी मागे. राईत शिरताना तिने चपला काढल्या. मी आठ रविवारांपैकी एकदाही काढल्या नव्हत्या. बरोबर सांगायचं तर सहा. काढल्या.

तिने वाटीत शेंदूर आणि तेल कालवलं. “बोटानं,” म्हणाली. हातमोजे माझ्या पिशवीत होते, ते तिथेच राहू दिले. आधी ‘सु’ गेला, मग ‘का’, मग सात. तेल कोमट होतं. दगडाचा गुळगुळीतपणा बोटाला लागला, तेव्हा मी विचारलं, “या दगडावर आधी कोण बसायचं?”

“मी.”

“किती वर्षं?”

“जमीन कंपनीत गेली तवापासनं. घराला खोल्या काढल्या भाड्यानं. हर खोलीत तीन शिफ्टची मान्सं. कवा बी बगा, कुनी ना कुनी झोपल्यालं. भांडं वाजवायची सोय न्हाई, खोकायची न्हाई. म्हनून यायचं हितं. हितं कुनी कागदावर अंगठा मागत न्हाई.”

तिचीच जागा मी घेतली होती. तिने तीन रविवार बाजूला राहून पाहिलं, आणि तो दगड वाचवायचा म्हणून स्वतःची बैठक देवाला देऊन टाकली. आता त्यावर तिलाही बसता येणार नाही. हे मी बोलून दाखवलं.

“द्येवावर कसं बसनार?” ती म्हणाली.

आम्ही दोघी उभ्या होतो. उंबरं पडत होती. मला वाटलं, आता निघावं. शेवटची शेअर रिक्षा किती वाजता असते तेही विचारलेलं नव्हतं.

ती खाली बसली, उंबराच्या दोन मुळांच्या बेचक्यात. पाय पसरले. मग थोडी सरकली.

“बसा. जागा हाय.”

बसले. मूळ पाठीला टोचत होतं. थर्मास काढला, काचेचे कप काढले. तिने आज घेतला. एक घोट घेऊन थांबली.

“साखर लई टाकता ओ तुमी.”

विजयश्रीला दोन चमचे लागायची. माप तेच राहिलं आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी कमी घालीन. पुढची वेळ कधी, ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

खाली प्रेस चालू होता. डाय बदलली आहे.

३ मार्च, सोमवार

पूर्वीचा फोन. “आत्या, उपचारांचा फायदा होतोय का? अहवाल देणार होतीस.” मी सांगितलं, उपचार बंद पडले. “अरे, मग दुसरं काहीतरी बुक करू?” म्हटलं, नको. कधीतरी जेवायला ये. ती म्हणाली, “बघते.”

कबुतरांच्या काड्या काढायला विजयश्रीच्या खोलीचं दार उघडलं. काड्यांत दोन अंडी आहेत. तशीच ठेवली, दार लोटून घेतलं. कडी लावली नाही.

चारला चहा केला. बोटाचा शेंदूर अजून गेलेला नाही, नखात तर चांगलाच बसला आहे. कपाच्या कानाला लागला, आता या पानालाही लागला. टर्पेंटाइनने निघतो, मला माहीत आहे. बाटली बाल्कनीत आहे, चार पावलांवर. उठले नाही.